पाठवणाऱ्याच्या नावाची पाळी

तुम्हाला आलेल्या ई-मेलवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं त्यावर तुम्ही विश्वास ठेवता. ठेवू नका असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझी अख्खी नोकरीच वाया गेली असं होईल. पण ते नाव तिथं आपोआप उगवत नाही, कुणीतरी ते घालतं. आमच्या जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात निवृत्त होईपर्यंत ते घालणारी बाई मी होते.

पदाचं नाव होतं सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. तुळजापुरात सासर, सासरे शाळेतले हेडमास्तर. त्यांना या पदाचा अर्थ शेवटपर्यंत कळला नाही. पाहुणे आले की ते सांगायचे, "सूनबाई कॉलेजात मशीनपाशी असते." पाहुण्यांच्या डोळ्यापुढं पिठाची गिरणी येत असणार. मी चहा ठेवायला आत निघून जायचे.

काम तसं मशीनपाशीच होतं. एका थंड खोलीत सर्व्हर, त्याचा काळा पडदा, त्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती पांढरी अक्षरं. आज्ञा टाइप करायची आणि एन्टर दाबायचं. तिथून ई-मेल पाठवायची तर 'मेल' असा शब्द लिहायचा, मग विषय, मग ज्याला पाठवायची त्याचा पत्ता. बस. शेकडो पालकांना परीक्षेचं वेळापत्रक पाठवायचं तर एकेक करून कोण बसेल? चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा आणि यादी त्याच्या हवाली करायची.

यात एक गोम आहे. कुणाला पाठवायचं ते तुम्ही सांगितलंत, कुणाकडून ते सांगितलं नाहीत, तर यंत्र स्वतःच्या मनानं नाव घालतं. त्याच्या दृष्टीनं त्या वेळी जो खुर्चीत बसलेला असतो त्याचं. आणि सर्व्हरच्या खुर्चीत बसणाऱ्याचं नाव असतं 'रूट'. म्हणजे सगळ्यांचा मुख्य, मुळाशी असलेला. माझ्या आधीच्या गृहस्थांनी कित्येक वर्षं सगळ्या पालकांना रूटच्याच नावानं पत्रं पाठवली होती. मी रुजू झाले त्याच सुमारास जळकोटचे एक शेतकरी पालक माझ्या दारात येऊन उभे राहिले. धोतर, डोक्याला पांढरा पटका.

"रूट सर कुठं बसतात, ताई?"

"कोण सर?"

"रूट सर. पोराच्या फोनवर त्यांचं पत्र येतंय सारखं. फार कळकळीचा माणूस दिसतोय. म्हटलं यावं एकदा भेटून."

त्यांनी पिशवीतून पेरू आणले होते. मी त्यांना सांगितलं, रूट सर आज रजेवर आहेत. पेरू मी खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी ती सवय मोडली. आज्ञेत एक आडवी रेघ आणि 'आर' हे अक्षर घालायचं आणि त्यापुढं पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा. काही यंत्रांना 'आर' चालत नाही, त्यांना 'फ्रॉम' अशी अख्खी ओळ लिहून द्यावी लागते. प्रत्येक यंत्राची खोड निराळी. पण करायचं एकच, पाठवणारा कोण ते आपण सांगायचं.

मोठी गंमत अशी, की तिथं तुम्ही काहीही लिहू शकता. प्राचार्यांचं नाव लिहा, कलेक्टरांचं लिहा, यंत्र विचारत नाही. आता मोठ्या कंपन्यांनी पहारे बसवलेत, अनोळखी पत्ता दिसला की पत्र सरळ कचऱ्याच्या कप्प्यात टाकतात. पण आमच्या सुरुवातीच्या काळात मैदान मोकळं होतं. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला. ज्याचं नाव घालायचं, तो माणूस माझ्या खुर्चीशेजारी उभा पाहिजे.

या नियमापायी मी माणसं दुखावली. तामलवाडीचे एक निवृत्त तलाठी होते. त्यांचा मुलगा परदेशी गेला आणि घराशी बोलेनासा झाला. बायको अंथरुणाला खिळलेली. ते एक कागद घेऊन आले, त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चार ओळी. 'आई, मी बरा आहे, काळजी करू नकोस.' म्हणाले, "तेवढं त्याच्या नावानं पाठवता येतं म्हणे तुम्हाला. पुतणी वाचून दाखवील तिला." मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बरं." त्यांची बायको पुढं वारली तेव्हा मी भेटायला गेले नाही. काय तोंडानं जाणार होते? नियम बरोबर होता असं मी आजही म्हणते. फक्त फार जोरात म्हणत नाही.

हे सगळं सांगायचं कारण पुढची हकीकत. ती घडली तेव्हा मी निवृत्त होऊन तुळजापुरातच दोन खोल्यांत एक छोटा सर्व्हर चालवत होते. दुकानं, लॉज, दोन शाळा आणि काही पुजाऱ्यांची घरं यांची टपालं माझ्याकडून जात.

पुजाऱ्यांच्या घरी ई-मेल कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडं प्रत्येक घराचे यजमान ठरलेले असतात. पुण्याचं अमुक कुटुंब देवीला आलं की अमुक पुजाऱ्याच्याच घरी उतरणार, त्यांच्याच हातून अभिषेक करणार, पिढ्यान्‌पिढ्या. येणं झालं नाही तर पूजा त्यांच्या नावानं इथं होते आणि प्रसाद पोस्टानं जातो. पूर्वी कार्ड जायचं, 'आपली पूजा झाली, प्रसाद पाठवला आहे.' आता ई-मेल जाते, सोबत पूजेचा फोटो. यजमान आता कुठंकुठं पांगलेत, पण ते पत्र आलं की घरातली म्हातारी माणसं आधी पाठवणाऱ्याचं नाव बघतात. नाव ओळखीचं असलं की हात जोडतात. मजकूर मागाहून.

आमच्या गल्लीतलं असं एक घर. कर्ते पुरुष दादा. त्यांच्या सगळ्या यजमानांना पत्र जायचं ते दादांच्या नावानं. रोज सकाळी पूजेहून आले की दादा माडीवरच्या संगणकावर बसायचे, घराची टपालपेटी उघडायचे आणि प्रत्येक उत्तराला उत्तर द्यायचे. एका बोटानं टाइप करत, पण द्यायचे.

दादा गेले. मागं दोन मुलगे. थोरले अण्णा, आयुष्यभर इथंच, दादांच्या हाताखाली. धाकटे विनायकराव, सोलापूरला कापडाच्या दुकानात नोकरीला होते, ते वडील गेल्यावर बायकोमुलांसह परत आले. वर्षाच्या आत दोघांचं बोलणं बंद झालं. कारण काय ते विचारू नका, अशा कारणांना बाहेरच्यानं हात घालू नये. अण्णा माडीवर, विनायकराव खाली. माडीचा जिना घरातून होता तो बंद करून बाहेरून काढला. निरोप द्यायचे ते बायकांनी.

घर वाटलं, भांडी वाटली, यजमानसुद्धा वाटता आले असते. पण दोघांचंही म्हणणं एकच पडलं. यजमानाला कळता कामा नये की आपण वेगळे झालो. मग नवरात्रात पत्र जाणार ते कुणाच्या नावानं?

दोघं एकाच वेळी माझ्याकडं आले. माझा नियम त्यांना ठाऊक होता. अण्णा खुर्चीच्या उजव्या हाताला, विनायकराव डाव्या हाताला, आणि दोघंही पडद्याकडं बघत माझ्याशी बोलत होते.

"त्यांना म्हणावं, थोरल्याचं नाव असतंय," अण्णा म्हणाले.

"त्यांना सांगा ताई, थोरल्याचं नाव असायला ते काय एकटेच दादांच्या पोटी आलेत?"

शेवटी अण्णांनीच तोड काढली. देवीच्या सेवेची पाळी लागते ना, तशी नावाची पाळी लावा. एका वर्षी अण्णांचं नाव, दुसऱ्या वर्षी विनायकरावांचं. मला ते इतकं आवडलं की मी तिथल्या तिथं तशी ओळ लिहिली. दर नवरात्राला पाठवणाऱ्याचं नाव आपोआप बदलणार. आधीची एवढी वर्षं मी आज्ञा लिहिल्या, पण पाळी लावलेली हीच एक.

मग मी त्यांना समजावलं. नाव बदलता येतं. पत्ता मात्र दादांच्या वेळचा जुनाच ठेवू या. नवा पत्ता घातला तर मोठ्या कंपन्यांचे पहारेकरी ओळखणार नाहीत, पत्रं कचऱ्यात जातील. म्हणजे पत्रावर नाव तुमचं दिसेल, पण कुणी उत्तर दिलं तर ते घराच्या जुन्या पेटीत येईल. आणि जे पत्र पोचलंच नाही, तेही परत त्याच पेटीत येऊन पडेल. पाकिटाच्या मागं पत्ता लिहितो ना आपण, तसं. "हवं तर उत्तरं वेगळीकडं वळवता येतील," मी म्हटलं. "ज्याची पाळी त्याच्याकडं."

"नको," विनायकराव म्हणाले. "घराचा पत्ता एकच राहू द्या. वेगळा पत्ता बघितला की यजमान समजून जातील."

पेटीची चावी, म्हणजे पासवर्ड, दोघांनाही लिहून दिला; विनायकरावांना पेटी फोनवर कशी उघडायची तेही दाखवलं. अण्णा घरी निघून गेले. विनायकराव मात्र दारात घुटमळले.

"यादीत गुलबर्ग्याच्या अव्वा आहेत का हो?"

होत्या. गुलबर्ग्याचं किराणा व्यापाऱ्यांचं घर, शिवभक्त माणसं, पण देवीवरही तितकाच भाव. अव्वा म्हणजे त्या घरातली म्हातारी.

"मी तीन वर्षं त्यांच्याकडं होतो. शिकायला," विनायकराव म्हणाले. "दादांनी ठेवलं होतं. आईसारखं केलं त्यांनी. माझा डबा स्वतः भरायच्या. मी बारावीला नापास झालो आणि त्यांना न सांगता निघून आलो. नंतर तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. दादांच्या पत्रात माझं नाव कधी नसायचं. आता माझ्या पाळीत त्यांना माझं नाव दिसंल. बघू. राग गेला असला तर उत्तर देतील."

पहिलं वर्ष अण्णांच्या नावाचं गेलं. दुसऱ्या वर्षी नवरात्रात पाळी फिरली आणि विनायकरावांच्या नावानं पत्रं सुटली. त्या सकाळी ते स्वतः माझ्या खुर्चीशेजारी उभे होते. यादी पडद्यावरून भरभर वर सरकत होती. गुलबर्ग्याचा पत्ता गेला तेव्हा त्यांनी बोट दाखवलं.

दसरा झाला, दिवाळी झाली. मी बाजारात भेटले की विनायकराव तो विषय काढायचे नाहीत. एकदा मीच विचारलं, गुलबर्ग्याचं काही आलं का?

"न्हाय." पिशवी या हातातून त्या हातात घेत ते म्हणाले, "राग असणारच. किती वर्षं झाली. माझंच चुकलं, त्यांनी कशाला लिहावं?"

"पेटी बघितली ना तुम्ही?"

"पेटी अण्णा बघतात की. दादांसारखं रोज सकाळी. आलं असतं तर वहिनीनं खाली सांगितलं असतं. थोरल्याच्या मागं आपण पेटी चाळत बसणं बरं दिसत न्हाय."

मला ते पटलं. अण्णा सकाळी संगणकावर बसतात हे मलाही खिडकीतून दिसायचं. पेटी माझ्याच सर्व्हरवर होती, पण दुसऱ्याचं टपाल मी कधी उघडलेलं नाही. टपाल पोचवणं हे आपलं काम, त्याच्या आत बघणं नाही, असं मी नव्या मुलींना शिकवत आले. मीही घरी निघून गेले.

चैत्रात गुलबर्ग्याहून अव्वांची सून आली. पन्नाशीची बाई, मोठं कुंकू, कपाळावर विभूतीचा फिकट पट्टा. देवीला ओटी घेऊन आली होती. गल्लीत तिला आधी मीच दिसले, तिनं पुजाऱ्यांचं घर विचारलं, मी तिला घेऊन गेले. म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

विनायकराव ओसरीवर होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून खण, नारळ, साडी काढली. मग खालून एक पितळी डबा काढला. कडीचा, जुना, घासून लख्ख केलेला.

"हे तुमचं आहे नव्हं? अव्वा म्हणली, विनूला दे."

"अव्वा कशा आहेत?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असणार, हा माणूस सोंग करतोय.

"अव्वा गेली की पौषात. तुम्हाला लिहिलं होतं मी. तीनदा लिहिलं. तुमच्या नावाचं पत्र आलं, त्यालाच उत्तर दिलं. अव्वा रोज विचारायची, विनूचं आलं का, विनूचं आलं का. आमी काय सांगायचं?"

विनायकरावांनी डबा हातात घेतला नाही. तो तिथंच सतरंजीवर राहिला. ते उठले, बाहेरच्या जिन्यानं माडीवर गेले. तो जिना बांधल्यापासून त्यांनी त्यावर पाय ठेवला नव्हता. मला वाटलं आता हातघाईवर येतील, म्हणून मीही मागोमाग गेले. ती बाईही आली.

अण्णा संगणकासमोर पंचांग बघत होते. भावाला दारात बघून उभे राहिले.

"पेटी उघडा," विनायकराव म्हणाले. मला नाही, अण्णांना. दीड-दोन वर्षांतला त्यांचा पहिला शब्द.

अण्णांनी पेटी उघडली. पेटीत न वाचलेलं पत्र ठळक काळ्या अक्षरांत दिसतं, वाचलेलं बारीक. पडद्यावर वरपासून खालपर्यंत सगळं काळं होतं. नवरात्रापासून आलेलं एकही पत्र उघडलेलं नव्हतं. नाशिकचं नाही, पुण्याचं नाही, गुलबर्ग्याचंही नाही. त्याच्या खाली आदल्या वर्षाची, अण्णांच्या पाळीतली पत्रं होती. ती सगळी वाचलेली, प्रत्येकाला उत्तर दिलेलं.

"तुझ्या पाळीतलं होतं," अण्णा म्हणाले. "मी हात लावला न्हाय."

"मला वाटलं तुम्ही वाचताय."

"तुझ्या पाळीतलं मी कसं वाचणार?"

बाहेरच्याला हे खोटं वाटेल. मला वाटलं नाही, कारण त्या घराची रीत मला माहीत होती. एकाच्या पाळीत जे येईल, नारळ असो की ओटी, दुसऱ्यानं त्याला शिवायचं नाही. अण्णा लहान असताना चुलत्यांच्या पाळीत आलेली पेढ्यांची पुडी त्यांनी उघडली, तेव्हा दादांनी त्यांना आलेल्या यजमानांसमोर मारलं होतं. अण्णा स्वतःच हसत सांगायचे ते. त्या माणसाच्या मनात टपाल आणि ओटी यांत फरक नव्हता. रोज सकाळी ते पेटी उघडायचे, काळी अक्षरं वाढलेली बघायचे, धाकटा येऊन कधी वाचणार म्हणून मनातल्या मनात चिडायचे आणि पेटी बंद करायचे. विचारायचं कुणाला? बोलणं बंद होतं.

खाली विनायकराव मनात म्हणत होते, अण्णांनी वाचलं असेल, काही नसेल म्हणून सांगत नसतील. तेही आपल्या परीनं रीतच पाळत होते, थोरला असताना धाकट्यानं आधी हात घालायचा नाही ही. दोघांच्या मध्ये एक स्लॅब होता आणि त्याच्या वर तीन पत्रं पडून होती.

विनायकराव खुर्चीत बसले आणि ती तीन पत्रं त्यांनी ओळीनं उघडली. सुनेनं अव्वाचं कानडी बोलणं ऐकून मराठीत लिहिलेलं होतं. पहिल्यात होतं, 'विनू, पत्रावर तुझं नाव बघितलं. सुनेनं दोनदा वाचून दाखवलं. तू नापास झाला म्हणून पळाला, मला काय त्याचं. तुझा डबा ठेवलाय. मला देवीला एकदा यायचंय. पाय चालत नाहीत. तू न्यायला येतोस का? तू आलास तर येते.' दुसऱ्यात एवढंच होतं, 'थंडी पडली. उन्हाळ्याच्या आधी ये.' तिसरं सुनेनं स्वतःचं लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही, मान फिरवली. ते त्यांनी वाचलं.

अण्णा भिंतीला धरून उभे होते. म्हातारे दिसले एकदम. मला त्या दोघांपैकी एकाचाही राग आला नाही, आणि तेच फार वाईट होतं. कुणाचा तरी राग आला असता तर बरं वाटलं असतं. राग आला तो मी लिहिलेल्या त्या एका ओळीचा. आधी केवढी आवडली होती मला. नावाला पाळी लावता येते, हे मी यंत्राला शिकवलं. वाट बघणाऱ्या माणसाला पाळी कळत नाही, हे त्याला कोण शिकवणार?

अव्वांच्या सुनेनं ओटी भरली. विनायकराव देवळात तिच्यासोबत गेले, परत आले, तिला गाडीत बसवून दिलं. मग ते संध्याकाळी माझ्याकडं आले. म्हणाले, "ताई, पाठवणाऱ्यात माझं नाव घालू नका आता. कधीच."

"मग कुणाचं घालू?"

"त्यांना विचारा."

मी जिना चढून अण्णांना विचारलं. "त्याचं न्हाय तर माझंही नको," ते म्हणाले. "नुसता पत्ता जाऊ दे."

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी जिना पुन्हा आतून होईल. गोष्टींत होतो. इथं झाला नाही. भांडण असतं तर मिटलं असतं, हे भांडण राहिलंच नव्हतं. एकमेकांसमोर आले की दोघांनाही तो डबा दिसायचा. म्हणून दोघंही समोर येणं टाळत राहिले, पहिल्यापेक्षा जास्त.

तेव्हापासून नवरात्रातली पत्रं त्या घरातून नावाशिवाय जातात. पाठवणाऱ्याच्या जागी नुसता पत्ता. यजमान उत्तरात विचारतात, 'हल्ली घरी कोण असतं? दादांच्या मागं कुणी बघतं का?' हे मला माहीत आहे, कारण आता ती पेटी रोज सकाळी मी उघडते. दोघांनीही मला तसं लिहून दिलं आहे, वेगवेगळ्या कागदांवर. दुसऱ्याचं टपाल न उघडण्याचा माझा जुना नियम मी एवढ्या एका घरापुरता मोडला. उत्तरं छापते, अर्धी माडीवर देते, अर्धी खाली. दोघंही कागद घेताना विचारतात, "वर दिलं का?" "खाली दिलं का?" मी हो म्हणते.

एक गोष्ट राहिली. त्या चैत्रात यादी सुधारताना मी गुलबर्ग्याचा पत्ता काढायला घेतला होता. त्याच आठवड्यात विनायकराव आले आणि म्हणाले, "अव्वांचा पत्ता काढू नका." दुसऱ्या दिवशी अण्णांनी बायकोकडून निरोप धाडला, "गुलबर्ग्याचा तेवढा राहू द्यावा." एकानं दुसऱ्याला सांगितलेलं नव्हतं.

म्हणून तो यादीत आहे. सुनेनं तो पत्ता बंद केला असावा, कारण दर नवरात्रात तिकडं गेलेलं पत्र मिनिटाच्या आत परत येतं. 'या पत्त्यावर कुणी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते त्यात, यंत्रानं लिहिलेली. परत आलेलं पत्र घराच्या पेटीत पडतं. पेटी मी उघडते, इतर कुणी उघडत नाही, असं आमचं ठरलेलं आहे. पण त्या सकाळी मी पेटी उघडते तेव्हा बाकी सगळी पत्रं काळी, ठळक असतात आणि हे एक बारीक अक्षरांत असतं. माझ्या आधी कुणीतरी ते उघडून वाचलेलं असतं. दर वर्षी.

कुणी उघडलं, माडीवरून की खालून, हे सर्व्हरच्या नोंदीत दिसतं. एक आज्ञा दिली की कळेल. ती मी कधी दिलेली नाही.